धम्मपालरावांचा नाद

धम्मपालरावांच्या शोकसभेला विहार गच्च भरला होता. पंचगंगेत त्यांच्यासोबत पोहणारे म्हणाले, "माणूस खरा पाण्याचा!" कबुतरवाल्यांना ते पटेना. धम्मपालरावांकडून गुलाबाची कलमं नेलेल्या बायका तर रडतच होत्या. शेवटी त्यांचे मित्र विलासराव उठले आणि धम्मपालरावांच्या बायकोला, सुजाताबाईंना म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगा. त्याला खरा नाद कशाचा हुता?"

सुजाताबाई सावकाश बोलू लागल्या. "आमची लेक तापानं गेली, तवा माझी वाचाच बसली. भिताडाकडं तोंड करून पडायची मी. ह्ये एकेक नवं घरात आणायचे. आधी कबुतरं, मग गुलाब. आन् माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. एक दिस क्लॅरिनेट आणलं. इतकं बेसूर वाजवलं, इतकं बेसूर, की मी वरडलेच, 'बंद करा की त्ये!'"

सभेत हसू फुटलं. त्याही हसल्या.

"क्लॅरिनेट टाकून लेकरागत रडले बघा. 'बोललीस गं, सुजा!' म्हणाले."

"पण वहिनी," विलासराव म्हणाले, "त्यानंतरबी वाजवायचा की. शेवटपतुर बेसूरच!"

"व्हय. रोज वाजवायचे, आन् रोज मी वरडायची. एकदा म्हणलं, मास्तर लावा, शिका तरी नीट. तर म्हणाले, 'नगं. चांगलं वाजवलं, तर तू गप ऐकत बसशील.'"