शिकागोचे पाढे

वरदानं पुस्तकातलं कपाचं चित्र समोर धरलं. मिस्टर नोवाक यांनी ते पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. किल्लीचं चित्र दाखवलं, कंगव्याचं दाखवलं, तेच. एक ते दहा आकडे, आठवड्याचे वार, महिने, सगळं तिनं त्यांच्याबरोबर म्हणून पाहिलं. पक्षाघात झाल्यापासून अकरा दिवसांत या एक्याऐंशी वर्षांच्या अमेरिकन माणसाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, आणि इंग्लंडातल्या साउथहॅम्प्टनच्या त्या वॉर्डात त्यांना बोलतं करण्याचं काम वरदाचं होतं.

पडद्याच्या फटीतून डॉक्टर नील आत डोकावला.

"वरदा, दोनला मीटिंग आहे. मला फॉर्म भरायला लागेल."

"काय लिहिणार?"

"नो स्पीच. म्हणजे रिहॅबमध्ये जागा नाही, डायरेक्ट नर्सिंग होम." त्यानं आवाज खाली आणला. "खरं सांगू? आतमध्ये कोणी नाही आता."

नील जन्मानं लंडनच्या एजवेअरचा. एरवी वॉर्डभर इंग्रजी झाडणारा हा प्राणी वाईट बातमी असली की हमखास मराठीत शिरायचा, पेशंटला कळू नये म्हणून. जणू चेहरा कोणाला वाचताच येत नाही!

"तुझं मराठी ऐकून कोणाचीही वाचा बसेल," वरदा म्हणाली. "मला दोनपर्यंत वेळ दे."

"वीस मिनिटं राहिली. आणि हा पुस्तक दाखवून काय होणार?"

"हे पुस्तक," ती म्हणाली. तोवर तो गेलाही होता.

पलंगाशेजारच्या कपाटावर तीन जाडजूड पुस्तकं होती, तिन्ही शिकागोवरची. बाबा माझ्याकडे राहायला आले तेव्हा कपडे तिकडेच ठेवून ही घेऊन आले, असं मुलगी म्हणाली होती. वरदा आठवडाभर डबा खाताना ती चाळत होती आणि पोळी हातातच राहत होती. काय एकेक माणसं! नदीमुळे तळ्यातलं पिण्याचं पाणी घाण व्हायला लागलं तर या लोकांनी आख्खी नदीच उलटी वाहायला लावली. गाव चिखलात बसलंय म्हणून विटांच्या इमारती जॅक लावून वर उचलल्या, आणि त्यातल्या एका हॉटेलात तर तेव्हा आत पाहुणे होते. मग दोन दिवसांच्या आगीत एक तृतीयांश गाव राख झालं, तर राख निवते न निवते तोच पुन्हा बांधायला घेतलं. पुण्यात एक उड्डाणपूल होताना पाहिलेल्या वरदाला हे खरंच वाटेना.

'आत पाहुणे होते' हे वाक्य मात्र तिच्या डोक्यातून जाईना.

तिच्या आजोबांना असाच झटका आला होता. त्यांना पाणी मागता येत नव्हतं, पण एकोणतीसचा पाढा ते घडाघडा म्हणत. घोकलेलं निराळ्या फडताळात राहतं, ते सहसा हरवत नाही. या माणसाचे पाढे कुठले असतील?

तिनं तिसरं पुस्तक उघडलं. शहरात उंच खांबांवरून धावणाऱ्या लोकल गाड्यांचा इतिहास होता तो. मागच्या पुठ्ठ्याला घडी घातलेला नकाशा चिकटवलेला होता. आजवर तिनं तो उलगडलाच नव्हता. आता उलगडला, तर तो थेट नोवाक यांच्या पांघरुणावर पसरला.

त्यांचा डावा हात हलला. तर्जनी एका रेघेवर टेकली आणि सावकाश वर सरकू लागली. घशातून खरखर आली.

"विल्सन," ते म्हणाले.

वरदानं वाकून पाहिलं. बोटाखाली त्याच नावाचं स्टेशन होतं.

"लॉरेन्स." बोट पुढे सरकलं. "आर्गाइल. बर्विन."

आवाज म्हाताऱ्याचा नव्हता. भरगच्च डब्याच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा, खणखणीत होता. केसपेपरवर पहिल्याच दिवशी तिनं वाचलं होतं: निवृत्त, ट्रेन कंडक्टर, शिकागो. वाचून पान उलटलं होतं. गाडीची दारं लावायची आणि पुढच्या स्टेशनाचं नाव पुकारायचं, एवढंच काम. पण तेच ओळीनं तीस-तीस वर्षं! वरदाचे डोळे भरून आले ते तिनं पुसलेही नाहीत, न जाणो, हललं तर गाडी थांबायची.

"ब्रिन मॉर."

पडदा सरकला. नील आला होता, हातात भरलेला फॉर्म घेऊन, अर्धा आत, अर्धा बाहेर. तो काही बोलणार तोच वरदानं ओठांवर बोट ठेवलं.

"थॉर्नडेल," नोवाक म्हणाले आणि बोट थांबलं. त्यांनी मान वळवली. नीलकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, दार अडवून उभ्या राहणाऱ्या असल्या लोकांमध्ये जन्म गेल्यासारखं.

"स्टेप इनसाइड, सर," ते म्हणाले. "वॉच द डोअर्स, प्लीज."

नील घाईघाईनं आत आला. हातातला फॉर्म त्यानं दुमडला, पुन्हा दुमडला आणि खिशात कोंबला.

"आत होते," वरदा हळूच म्हणाली.

नोवाक यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. बाहेर कोणी राहिलं नाही याची खात्री करून घेतली आणि मगच बोट पुढे सरकवलं.