पाच लिटर रंगारी

रंगाऱ्याची नोकरी गेली. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चाला, कारण खुद्द रंगारीही तसंच धरून चालला होता. दवाखान्यात, फक्त चड्डीवर, पोटाला ऑपरेशननंतरचा पट्टा आवळून, तो वजनकाट्यावर श्वास रोखून उभा होता.

"श्वास सोडा हो, त्याचं वजन नाही होत," बायको म्हणाली.

काटा साडेनव्वदवर थांबला.

खुर्चीत पाणी पीत बसलेल्या मुकादमाने मान हलवली. उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा त्यांचा झुला माणशी नव्वद किलोच पेलत होता. वजन उतरवायची मुदत आजची होती. आणि जमिनीवरून रंगवता येईल असं कंपनीकडे काहीच नव्हतं.

"मी पंच्याण्णव होतो," रंगारी म्हणाला. "डॉक्टरांनी पोटाची पाच लिटर चरबी काढली. मग नव्वदच राहिलो ना?"

डॉक्टरांनी फ्रिजमधून बरणी काढून टेबलावर ठेवली. आत पिवळट, गुठळ्या-गुठळ्यांचा, मधूनच गुलाबी तंतू सुटलेला लगदा. बरोबर पाच लिटरच्या खुणेपर्यंत. बरणी जरा कलली तसा तो आळसात एका बाजूला सरकला आणि काचेला चिकटून राहिला.

"शी! याच्या शेजारी झोपत होते मी?" बायकोने ओढणी नाकाला लावली.

"आता बाहेर आहे ना ते," रंगारी म्हणाला.

"पाच लिटर बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले, "पण भरणार साडेचारच किलो. लिटरला किलो हा हिशेब पाण्याचा. चरबी लिटरला नऊशे ग्रॅम. हलकी असते ती."

"हलकी? बारा वर्षं वाहिलीय मी. मला सांगताय?"

डॉक्टर वैतागले. चिमट्याने एक गुठळी उचलून त्यांनी समोरच्या ग्लासात सोडली. ती बुडाली नाही. तेलकट कडं पसरवत पाण्यावर गोल गोल फिरत राहिली.

"बघा. तरंगते की नाही?"

ग्लास मुकादमाचा होता. अर्धा पिऊन झालेला.

मुकादमाने ग्लासाकडे पाहिलं, मग बरणीकडे, मग तोंडावर रुमाल दाबून तो दाराकडे पळाला. "उद्यापासून येऊ नकोस," एवढं मात्र त्याने रुमालातूनच सांगितलं.

"डॉक्टर, अजून अर्धा किलो काढा! आत्ताच्या आत्ता!"

"एका माणसाची पाच लिटरच्या वर काढत नाही आम्ही. तक्रार असेल तर लेखी द्या."

रंगारी काट्यावरून उतरला नाही. उभ्या उभ्याच, डॉक्टरांच्याच पॅडवर त्याने लिहिलं:

'महोदय, विनंती की, अर्जदाराच्या चरबीची घनता पूर्वलक्षी प्रभावाने पाण्याइतकी करण्यात यावी, व तसे मुकादमांस कळवण्यात यावे.'