पाण्याची ओढ

"माह्या पोराले पाह्यलं का कुठं?" उकंडरावांनी मोबाइलमधला फोटो जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्यापुढे धरला.

म्हाताऱ्याने मान हलवली. त्यांच्यामागून छायाने हळूच विचारलं, "एखादं प्रेत लागलं का, काका, किनाऱ्याले?"

"नाही गो."

'नाही' ऐकलं की ती पुन्हा पाण्याकडे पाहत राहायची.

दीपक आणि छाया सुलतानपूरहून समुद्र पाहायला आले होते. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी दोघंच कुठे जायची ही पहिलीच वेळ. तिसऱ्या दिवशी कड्यावर फोटो काढताना दीपकचा पाय घसरला. पोलिसांनी दोन दिवस शोधलं. पाण्याची ओढ दक्षिणेकडे आहे, कुठे लागेल सांगता येत नाही, म्हणाले. उकंडराव मलकापूर गाठून मिळेल त्या रेल्वेत बसले. तेव्हापासून सासरा-सून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे चालत होते.

जन्म काळ्या मातीत गेलेल्या उकंडरावांना वाळू साधत नव्हती. पाऊल टाकलं की मागे घसरायचं. एक पुळण संपली की खडक, खडक संपले की खाडी, होडीने पलीकडे गेलं की पुन्हा पुळण. पहिल्या बंदरात बर्फ फोडणाऱ्यांनी चहा पाजला. दुसऱ्यात बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणीने छायाचा हात धरला. मनगटावर काळेनिळे वळ होते.

"हे काय गो?"

"त्याले धरू पाह्यलं होतं," छाया म्हणाली आणि बाही खाली ओढली. कोळणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या पुळणीवर उकंडराव मटकन खाली बसले.

"मामाजी, वापस जाऊ. तुमच्यानं होत नाही आता."

"त्याले घेतल्याबिगर मी गावाकडे तोंड करत नाही. अन् तू काऊन घडीघडी प्रेताचंच इचारून राह्यली? जित्त्याचं इचार."

"एकदाचं काय ते कळू द्या, मामाजी. जीव टांगणीले लागला."

थोड्या वेळाने तिनेच त्यांना हात देऊन उठवलं.

तिसऱ्या बंदरात दुपारी पोचले, तेव्हा एक ट्रॉलर नुकताच धक्क्याला लागला होता. त्याच्या नाखव्याने फोटो हातात घेतला. मोठा करून पाहिला.

"ह्याला आम्हीच उचलला. जाळ्याच्या तरंगत्या बोयाला धरून होता. पाय मोडलाय, शुद्ध कालच आली. आमचं इंजिन बंद पडलं, वायरलेसही गेला, म्हणून कळवता आलं नाही; आज इंजिन चाललं तेव्हा कुठे आलो. तो बघा, तिकडे निजवलाय."

उकंडराव वळले आणि पायातली चप्पल निघाली तरी तसेच धावत सुटले.

छाया जागीच उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"घाबरू नका, ताई," नाखवा म्हणाला. "सुखानेसुद्धा असंच होतं." त्याने तिला आधार देऊन धक्क्याच्या टोकापर्यंत नेलं.

ताडपत्रीवर पडलेल्या लेकाला उकंडरावांनी उराशी धरलं होतं. रडता रडता ते म्हणाले, "पाह्य बे, कोण आलं! तुह्यासाठी तीन दिवस चालून राह्यली बिचारी."

दीपकने मान वळवली. तिला पाहताच त्याने बापाचा सदरा दोन्ही मुठींनी गच्च धरला.

"बाबा, इले जवळ येऊ देऊ नका. इनंच ढकललं मले."