उरलेलं प्रकरण

“माइकवर कधी गप्प बसू नकोस, रिम्मा. लोकांना वाटेल, आपण मेलो.” मोच्याच्या दुकानावरच्या खोलीत रेडिओ ‘बेरेग’ सुरू झाला, तेव्हा रेडिओचे संस्थापक सावेली इग्नातिच तिला म्हणाले होते. पुढे ती सगळी इमारतच रेडिओची झाली आणि व्होल्गाकाठच्या गावागावांत तो ऐकू येऊ लागला.

आज दुपारी बाराला तो बंद होणार होता. बातम्यांत लढाईला लढाई म्हटलं, म्हणून सरकारकडून आदेश आला होता. रिम्मा रोजच्यासारखी कादंबरी वाचत होती. शेवटपर्यंत वाचीन, असा तिने श्रोत्यांना शब्द दिला होता. पण एक प्रकरण उरलं आणि काचेपलीकडून तंत्रज्ञ ग्लेबने घड्याळाकडे बोट केलं.

तिने पुस्तक मिटलं. “निघतो आम्ही आता,” एवढंच बोलली. ग्लेब कोट चढवून आत आला. दोघं खुर्च्यांच्या कडेला टेकली. कायमचं किंवा लांब निघताना घटकाभर गप्प बसायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

बाराला प्रक्षेपण तुटून समोरचा लाल दिवा आपोआप विझला, तेव्हा ग्लेबच्या ध्यानात आलं.

“माइक बंद करायचा राहिला की, रिम्मा पाव्हलोव्ना. सगळ्यांनी ऐकलं.”

“काय ऐकलं?”

“काहीच नाही. तेच तर.”

“सावेली इग्नातिचनी कान उपटले असते,” ती म्हणाली आणि दोघांनाही हसू आलं.

फोन वाजला. फाइना ल्वोव्ना होत्या. दृष्टी गेलेल्या, रोज फोन करून रिम्माचे उच्चार सुधारणाऱ्या.

“तुम्ही बसलात, मग मीही बसले, पोरी. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. शेजारची ल्यूबा तर हातातल्या कढईसकट बसली. पण ती कादंबरीतली बाई होडीत चढली का?”

“सांगून टाकू?”

“सांगू नकोस. इथे येऊन वाच. शब्द दिलायस. आणि ईस्टरआधीचा मोठा उपास चाललाय ना तुझा? बटाटे उकडते, लोणी नाही घालत.”

“येते,” रिम्मा म्हणाली.

ग्लेब तारा गुंडाळत होता. “एका श्रोत्यासाठी?”

“दोन. ल्यूबा आहे ना.”

पुस्तक शालीत गुंडाळून ती ट्रामच्या थांब्यावर आली. बर्फ वितळून रस्ता ओला झाला होता. तिने हलकेच घसा साफ केला. आता माइक नव्हता, आणि फाइना ल्वोव्नांना ऐकूही जरा कमीच येई. आवाज थोडा चढा लावावा लागणार होता.