जागा अपुरी आहे

"रिमोट खाली ठेवू नकात, बाबा!" सलोनी उंबऱ्यातूनच म्हणाली. कॉलेजची पिशवी अजून तिच्या खांद्यावर होती.

दत्तारामाने चमकून मुलीकडे पाहिले. "कित्याक गो? खाली ठेवलो तर पळान जातलो?"

देवगडहून आलेले त्याचे थोरले बंधू भाई मोठ्याने हसले. टीव्हीच्या पाठीमागे सकाळीच बसवलेल्या बोटाएवढ्या काळ्या यंत्राचे गुण दत्ताराम त्यांना समजावून सांगत होता, आणि त्यातला शेवटचा गुण सलोनीने दारातच ऐकला होता. रिमोटला थोडा वेळ कोणी स्पर्श केला नाही, की पडदा काळा होतो आणि खात्यातील फोटो आपोआप एकामागून एक प्रकट होतात. खाते सलोनीचे होते. सेटिंगसाठी म्हणून सकाळी मागून घेतलेला तिचा फोनही दत्तारामाच्या मांडीवरच होता.

त्या खात्यात एक फोटो होता. तारकर्लीच्या वाळूवर निळ्या होडीला टेकून बसलेली सलोनी, आणि ज्याच्या खांद्यावर तिने माथा टेकला होता तो देवेश. देवेश गडग्यापलीकडचा. हद्दीवरच्या त्या दगडी गडग्यापायी दोन घरे आजतागायत कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत होती, आणि पलीकडच्यांचे नाव या घरात उच्चारण्याची कोणाची छाती नव्हती. तो फोटो या दोघांच्या दृष्टीस पडला, तर सलोनीचे कॉलेज आजच संपणार होते. मग लवकरच तिच्या डोक्यावर अक्षता पडणार होत्या, आणि शेजारी देवेश कदापि नसणार होता.

"रवा, मी तुमका कामाची ॲप दाखवतंय," असे म्हणून तिने वडिलांच्या हातून रिमोट घेतला.

मग तिने अंगठ्याला विसावा म्हणून दिला नाही. बातम्यांचे ॲप झाले, भजनांचे झाले, आंब्याच्या भावाचे झाले. जे दिसेल ते ती उतरवून घेत होती.

"आणि ह्यां कसलां?" भाईंनी विचारले.

"वाऱ्याचां. दर्यो खवळलो की सांगता."

"दर्यो खवळलेलो माका कानान समाजता. तेच्यासाठी वीज कित्याक जाळूची?"

इतक्यात सलोनीची आई किशोरी चहा आणि खाजे घेऊन आली. दत्तारामाने मुलीच्या हातून रिमोट काढून आपल्या कोपराजवळ ठेवला. "बस झाला आता. जरा गप चाय पिया."

भाई कलमांवर आलेल्या वानरांची गजाल सांगू लागले. ती लांबत गेली. सलोनीच्या हातातला कप तसाच राहिला. तिची नजर पडद्यावरून हलेना.

पडदा काळा झाला.

पहिला फोटो जत्रेचा आला. दुसरा मळणीचा. तिसरा येताच भाईंनी बशी खाली ठेवली. "अरे, ह्यां तर आमच्या यशोदेचां लगीन!" असे म्हणत ते खुर्ची ओढून पुढे सरकले.

चौथ्या फोटोत निळी होडी होती. नुसती होडी, आणि मागे समुद्र. तो सलोनीने त्याच दिवशी, देवेशबरोबरच्या फोटोच्या जरा आधी काढला होता. यानंतर काय येणार हे त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होते, निदान तिची तशी समजूत होती.

"माका तां कीर्तनाचां ॲप होयां," किशोरी एकाएकी म्हणाली. "आत्ताच्या आता."

"तुका?" दत्तारामाने विस्मयाने मान वळवली. "तू तर टीव्हीच्या वाटेक जात नाय!"

तेवढ्यात सलोनीने त्याच्या कोपराजवळचा रिमोट उचलला होता. होडी नाहीशी झाली. तिने कीर्तनाचे ॲप शोधले आणि बटण दाबले. पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली: जागा अपुरी आहे. एखादे ॲप काढून टाका.

"वाऱ्याचां काढ," भाई म्हणाले.

"फोटोंचां काढ," किशोरी म्हणाली.

"तां कशाक?" दत्ताराम म्हणाला. "सगळ्यांत बरां तांच आसा!"

"घरातली माणसां घरात आसत. ती भिंतीर कित्याक होई?"

"अगो, पण दुपारी तूच एकटी बघत बसललंस मां! मी निजान उठलंय, तरी तू हयसरच."

सलोनीचा अंगठा जागच्या जागी गोठला. किशोरी कप गोळा करीत होती. एक कप बशीवर खडखडला.

"बसललंय," ती म्हणाली. "चष्म्याशिवाय काय दिसाक नाय. नुसते रंग."

"काढ गो चेडवा, काढ," भाई हसून म्हणाले. "नायतर ही आज आमका रात्रीचां जेवाण वाढुची नाय."

दत्ताराम कुरकुरला, पण त्याने हात हलवला. सलोनीने बटण दाबले. फोटोंचे ॲप गेले, आणि त्याच्या जागी कीर्तन उतरू लागले.

उरलेले कप घेऊन ती आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. आईच्या गळ्यात काळ्या दोरीने चष्मा लोंबत होता. आंघोळीपुरता सोडला, तर तो त्या गळ्यातून कधीही उतरत नसे.

"आये..."

किशोरीने नळ पूर्ण सोडला. पाण्याच्या आवाजात बोलणे बाहेर ऐकू जाणार नाही, एवढा.

"माका दिसना नाय गो," भांड्यांवरची नजर न उचलता ती म्हणाली. "तुझ्या बापाशीक दिसता."

बाहेरच्या खोलीतून दत्तारामाची हाक आली.

"गो सलोनी, तुझो फोन वाजता. कोणाचो तां बघू काय?"

किशोरीने नळ बंद केला.