एका बाकावर

दुरै आणि इलंगो एका बाकावर बसले होते. चेन्नईच्या अपील ट्रायब्युनलात बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, पण पलीकडच्या बाकावर बसलेली त्यांची आई, वळ्ळीअम्मा, ते डोळे भरून बघत होती. वडिलांच्या मागे कंपनीवरून भांडताना हे दोघे खालच्या ट्रायब्युनलात नेहमी दोन टोकांना बसत. वकील दोन, गाड्या दोन, कोइम्बतूरच्या एकाच घरात स्वयंपाकघरंही दोन. आज वकील एकच होता. धाकट्या इलंगोने थोरल्याच्या शर्टाच्या कॉलरवरचा धागा काढून टाकला. म्हणजे जमतं यांना, ती मनात म्हणाली.

जमवलं तिनेच होतं, फक्त भलत्याच वाटेने. इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरचा चालता कारखाना पोरांनी भांडून मोडीत काढायला घेतला, तेव्हा तिने कंपनीला कर्जाऊ दिलेले आपले पैसे परत मागितले. दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. मग तिने सरळ कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज टाकला. खालच्या ट्रायब्युनलाने तो दाखल करून घेतला, दोन्ही भावांचे अधिकार काढले आणि त्यांच्या केबिनमध्ये एक परका माणूस आणून बसवला. आता तो कंपनीला गिऱ्हाईक बघणार होता. तेव्हा कुठे भावांना भाऊ आठवला, आणि दोघे मिळून आईविरुद्ध अपिलात आले.

"अर्जदार बाईंचं वय झालंय, साहेब," त्यांचा वकील सांगत होता. "गेली दोन वर्षं त्यांना कशाचं काही समजत नाही. दोन्ही मुलांनी तसं शपथेवर लिहून दिलंय. कुणीतरी फूस लावून या अर्जावर सही घेतली."

वळ्ळीअम्माची वकील मलर ताडकन उठली. "साहेब, या बाईंनी माझ्या फीची जी घासाघीस केलीय, ती समजत नसलेल्या माणसाला जमेल का?"

मागे कुणीतरी हसलं. निकाल देणाऱ्या दोन सदस्यांपैकी जे वयाने मोठे होते त्यांनी चष्मा काढला आणि इंग्रजी बाजूला ठेवलं. "अम्मा, तुम्हीच सांगा. आपण कशावर सही करतोय, ते तुम्हाला कळत होतं का?"

वळ्ळीअम्मा उठली. कळत होतं, चांगलं कळत होतं. हो म्हटलं की कारखाना परक्याच्या घशात. नाही म्हटलं की तो पोरांना परत, आणि आपण खुळ्या ठरणार. तिने बाकाकडे पाहिलं. दोघे डोक्याला डोकं लावून कुजबुजत होते आणि दुरैचा हात धाकट्याच्या पाठीवर होता. तो हात बघून म्हातारीला रडू आवरेना. एवढं मिळत असेल तर खुळी ठरायला तिची ना नव्हती.

"नाही साहेब," ती म्हणाली. "मला काही कळत नाही. दाखवतील तिथे सही करते."

मलर मटकन खाली बसली. अपील मंजूर झालं. अर्जदार बाईंना दोन वर्षांपासून व्यवहाराचं भान नाही, असं सदस्यांनी निकालात घातलं आणि पुढचं प्रकरण पुकारलं.

बाहेर जिन्यापाशी ती पोरांच्या मागे जाऊन उभी राहिली. आता वळतील, चल अम्मा म्हणतील, असं तिला वाटत होतं.

"अण्णा," इलंगो थोरल्याला म्हणाला, "मागच्या वर्षी अम्माने तिचे शेअर तुझ्या नावावर केले ना?"

"केले. मग?"

"तिला दोन वर्षांपासून समजत नाही. मग ते टिकतील कसे?"

दुरैला उमगायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. "त्या शपथपत्रावर सही तुझीपण आहे, चोरा."

"त्या एका ओळीसाठीच केली. चल, भेटू खालच्या ट्रायब्युनलात."

दोघे दोन जिन्यांनी उतरले. खाली दोन गाड्या सुरू झाल्याचं वळ्ळीअम्माने ऐकलं. कारखाना गेला असता तरी इतकं लागलं नसतं. ती कठडा धरून उभी राहिली.

मलर फायली आवरून बाहेर आली. ती अजून रागातच होती, पण म्हातारीला एकटी बघून थांबली.

"अम्मा, मुलं कुठायत? तुम्ही आता कुणाकडे जाणार?"

"मला नको विचारूस, बाई," वळ्ळीअम्मा म्हणाली. "मला काही कळत नाही. आत्ताच ठरलं ना आत."