पालकाची सही

तीन घरांनी परत पाठवलेला कुत्रा ती हट्टाने घरी घेऊन आली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "शाळेत तू होतीस, तस्साच ढ गोळा शोधून आणलास!" आज प्रशिक्षण वर्गात त्याच ढ गोळ्याने पहिला नंबर पटकावला. प्रगतिपुस्तक नाचवतच ती घरात शिरली. एकही लाल रेघ नसलेलं प्रगतिपुस्तक या घरात पहिल्यांदाच येत होतं.

"बाबा, पालकाची सही हवीय. आज तुम्हीच करायची."

बाबांनी चष्मा लावून एकेक शेरा दोनदा वाचला, कुत्र्याची पाठ थोपटली आणि पेन तिच्याच हातात दिलं.

"तूच कर. दहावीपर्यंत माझी सही तूच करत होतीस, आणि माझ्यापेक्षा झोकदार करायचीस."